वाळवणाची वेळ

लातूरला आमच्या गल्लीच्या मागं डाळमिल आहे. तूर भरडायला लागली की भुशाचा धुरळा भिंतीवरून येतो आणि आमच्या ओट्यांवर बसतो. माझ्या धाकट्या जावेला दमा. डॉक्टरांनी दोनच उपाय सांगितले होते: घर बदला, नाहीतर धूळ थांबवा. घर बदलणं परवडणारं नव्हतं. मी धूळ थांबवायचं काम हाती घेतलं.

कामाचे तुकडे पाडायचे आणि एकेक संपवायचा, ही माझी सवय. एका संस्थेकडून हवेतली धूळ मोजायचं यंत्र मिळवलं. विहारात बायकांची बैठक घेतली. आठ जणी तयार झाल्या. संस्थेच्या बाईंनी येऊन शिकवलं: यंत्र कुठं टांगायचं, आकडा कसा वाचायचा, सोबत वाऱ्याची दिशा का लिहायची. पहिल्याच आठवड्यात एकीनं फ्रीजच्या कव्हराच्या उरलेल्या कापडाचा झबला शिवून यंत्राला घातला. महागाची वस्तू, धूळ बसेल म्हणून. आकडा एकदम झकास आला, धूळ जणू नाहीच. तो झबला काढताना आम्ही पोट धरून हसलो. त्यानंतर मात्र कुणी चुकलं नाही.

सगळ्यांत तयार झाली जाऊ. तिचं बाहेर पडणं कमी, म्हणून यंत्र तिच्याच खिडकीबाहेर टांगलं. काही दिवसांत ती आकडा बघायच्या आधीच सांगायला लागली, "अक्का, मिलचा पंखा सुरू झाला. आता चढतंय बघा."

मग माल संपला म्हणून मिल काही दिवस बंद राहिली. आकडा उतरला. जाऊ दाराशी येऊन बसायला लागली, बोलताना तिला धाप लागेना. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? कागद नीट लावले आणि मिलच्या मॅनेजरकडे जायचं ठरवलं. मागणी एकच: भुसा उडतो तिथं बंद खोली बांधा.

सोबत यायला फक्त दोघी निघाल्या. बाकीच्यांचे नवरे त्याच मिलमध्ये हमाल. एक तर तोंडावर म्हणाली, "काकू, मिल बंद ऱ्हायली की तुमच्या जावेला बरं वाटतंय. आमच्या घरी चूल पेटत न्हाई, त्याचा आकडा दावतंय का तुमचं यंत्र?"

मी कागद पिशवीत घातले आणि आम्ही तिघीच गेलो.

मॅनेजरनं चहा पाजला. "लई बारीक काम केलं ताई तुम्ही. मालकांना दाखवतो." खोली झाली नाही. सरकारी कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, असल्या यंत्राचा आकडा आम्हाला चालत नाही, आमचं यंत्र आलं की मोजू. ते अजून यायचं आहे.

आमचं यंत्र तसंच टांगलेलं आहे. उन्हाळा लागला तसे जावेला फोन यायला लागले. "वैनी, पापड घालू का?" "आज गाद्या काढल्या तर चालंल का?" पापडावर धूळ कधी बसते, तेवढ्यापुरतं आमचं शिक्षण गल्लीच्या कामी आलं. मला सुनावणाऱ्या बाईचाही फोन येतो. पलीकडच्या गल्लीत मॅनेजरचं घर आहे, त्यांच्या बायकोचाही येतो.

काल जाऊ खिडकी लावून कॉटवर बसली होती. मिल चालू होती. फोनवर ती कुणाला तरी सांगत होती, "आत्ता नको. दुपारून वारं फिरतंय, तवा घाला. अन् उन्हं उतरायच्या आत उचला." मधेच खोकला आला. तिनं फोन लांब धरला, खोकून घेतलं, आणि राहिलेलं सांगून टाकलं.

मी म्हटलं, "मग दुपारी आपलेही पापड घालू."

"आपले कुठं घालता, अक्का? वारं कुठूनबी येऊ द्या, आपण मिलच्या भिंतीलाच लागून."

मी उठले आणि खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबलं.