बाईंजवळ राहते

अगं, या की अशा पुढं! दाराशी काय उभ्या राहिलात टपाल टाकायला आल्यासारख्या? दिवाळीला येते म्हणालात, मग संक्रांतीला म्हणालात, आता कैऱ्या लागल्या झाडाला. बोलणारच नव्हते तुमच्याशी. पण आलात, तर त्या भिंतीला टेकून नीट बसा. चहा होईल मागाहून. आधी ऐकायचं.

"मोकळ्या व्हा, बायांनो, मोकळ्या व्हा!"

असं म्हणायच्या आमच्या बाई. आणि म्हणताना दोन्ही हात असे पुढं झटकायच्या, जशी काही समोर कोंबड्यांची पिलावळ आहे आणि ह्या दाणे टाकतायत. अंगानं काडी, खादीचं पाचवारी पातळ, दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि बगलेत भली मोठी वही. शहरात समाजसेवेचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. असलंही शिक्षण असतं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी असे हात झटकले, तेव्हा माझ्याशेजारी सखू बसली होती. पोटानं अवघडलेली. ती दचकून मागं सरकली आणि म्हणाली, "बाई, मला अजून दीड म्हैना हाय."

आता तुम्हाला माहीत आहे, आमच्या गावाकडं बाई मोकळी झाली म्हणजे बाळंत झाली. बाईंना कुठं ठाऊक? त्यांना म्हणायचं होतं, मनातलं बोला. समजल्यावर कानापर्यंत लाल झाल्या. पण सवय जाते थोडीच! पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. आणि नेमक्या एका मंगळवारी बाईंनी हात झटकले न झटकले तोच सखूला कळा सुरू झाल्या, दिवस टळायच्या आत पोरगी झाली. झालं! दिवस भरून उलटलेल्या बायका लांबून यायला लागल्या. थेरगावाहून एकीला बैलगाडीत घालून आणली. सासू गाडीतूनच हात जोडून म्हणाली, "बाई, तेवढं एकदा म्हना की."

बाईंनी वही मिटली, चष्मा सारखा केला आणि म्हटलं हो! हातही झटकले. करतात काय?

हे सगळं चालायचं पिंपरीच्या कॅम्पात. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं तिथं लष्कराच्या जुन्या बराकीत राहायची, मधे गोणपाट टांगून एकेका बराकीत चार-चार संसार. शेजारी औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललेलं, त्यावर नगरकडची, कोकणातली बिऱ्हाडं आलेली. आणि आम्ही पवनाकाठच्या, मूळ गावच्या. मी मेथीच्या जुड्या विकायला कॅम्पात जायची. बाईंनी मला पाटीसकट आत ओढलं. त्यांना म्हणे सगळ्या तऱ्हेच्या बायका एका ठिकाणी बसवायच्या होत्या. "गोल बसा," म्हणाल्या. आम्ही वीसेक जणी गोल बसलो आणि मधे कोण गेलंय ते बघायला लागलो. कारण आमच्यात बायका अशा गोल बसतात त्या मयताला. मधे कुणीच नव्हतं, तेव्हा बरं वाटलं.

मग बाई म्हणाल्या, "आता प्रत्येकीनं आपापली समस्या मांडा."

समस्या म्हणजे काय, ते कुणाला माहीत? सिंधी बायका आमच्याकडं बघतायत, आम्ही त्यांच्याकडं. शेवटी सोनाई, आमच्या आळीतली म्हातारी, तिचा बाप कीर्तन करायचा, ती घरी जाताना म्हणाली, "येड्याओ, समस्या म्हंजे कोडं. माजा बाप कीर्तनात घालायचा. बाईला कोडी पायजेल."

तर पुढच्या मंगळवारी आम्ही सगळ्या कोडी पाठ करून गेलो.

पहिली मीच उठले. म्हटलं, "बाई, आमच्या घरी एक म्हातारी हाय. दिवसा तिला भितीला उभी करत्यात. अन् रातच्याला पाच जनं तिच्या अंगावर पडत्यात."

बाईंचा चेहरा पांढराफटक. "किती दिवस चाललंय हे?"

"लई वर्सं. माज्या लग्नाच्या आदीपास्नं."

बाईंनी भराभरा लिहून घेतलं. मला वाटलं, उत्तर शोधतायत, वेळ लागणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या दारात. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. मी आले आहे. तुम्हाला भिंतीला कोण उभं करतं?"

"मला?" सासूबाई म्हणाल्या. "माजं गुडघं गेल्यात. मला उभं करनारा अजून जन्माला यायचाय."

"आणि ते पाच जण...?"

सासूबाईंनी पदर तोंडात घातला. "अगं ए सूनबाई! ही बया काय बोलती बघ गं!"

मी धावत आले आणि भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीला आमची बाज उभी होती. बाईंनी बाजेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं. मग बाज आपल्या हातानं आडवी केली, तीवर बसल्या आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्म्याचा दोरा तुटला. सासूबाईंनी त्यांना गुळाचा चहा पाजला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिकल्याली हाय, पन चांगली हाय."

दुसरी कुणी असती तर तिनं आम्हाला समस्या शब्दाचा अर्थ समजावला असता. बाईंनी नाही समजावला. म्हणाल्या, "कोडी तर कोडी. वहीत समस्येचा रकाना आहे, तो भरला म्हणजे झालं."

आणि गंमत बघा. कोड्याच्या आडोशानं बायका बोलायला लागल्या. एकदा कोकणातली एक जण, कधी मान वर न करणारी, म्हणाली, "दळते, थापते, घरादाराला जेवू घालते, आपण उपाशी निजते. सांगा कोण?"

"जातं!" सखू ओरडली.

"परात! चूल!"

"नाय," ती म्हणाली. "मी."

कुणी हसलं नाही. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या मंगळवारपासून सोनाई तिच्यासाठी फडक्यात भाकरी बांधून आणायला लागली. वर म्हणायची, "जात्या, खा गं."

त्या गोलात एक जमना होती. सिंधमधली, आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिकडून निघाल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. तिचं माणूस कुणी उरलं नव्हतं. देवी नावाची तिच्याच मुलखातली बाई तिला आपल्या गोणपाटाच्या आत निजायला जागा द्यायची. जमना मंगळवारी यायची, पोळपाट घेऊन बसायची आणि पापड लाटायची. आमची कोडी ऐकत असेल की नसेल, काही कळायचं नाही.

एके दिवशी बाई आल्या, पण हात झटकले नाहीत. म्हणाल्या, "वरून पत्र आलं आहे. ज्या बाईला कुणी नाही आणि जिला आपलं नाव सांगता येत नाही, तिला लांबच्या आश्रमात पाठवायचं. एक साहेब येणार आहेत जमनाला तपासायला. तिनं स्वतःच्या तोंडानं दोन गोष्टी सांगायच्या. नाव काय, आणि कुणाजवळ राहणार."

देवी रडायलाच लागली. "ले जायेंगे तो मर जायेगी, बाई. रात को मेरा पल्लू पकड़ के सोती है."

मग तालीम सुरू झाली. सासऱ्यांचा फेटा बांधून मी साहेब झाले. मी दरडावून विचारायची, "नाव काय तुझं?" आणि वीस जणी एकदम ओरडायच्या, "जमना!" बाई म्हणायच्या, "तुम्ही नाही हो, तिनं!" पुन्हा विचारलं की पुन्हा वीस जणी. जमना माझ्या फेट्याकडं बघायची आणि पापड लाटायची.

साहेब आले ते टोपी घालून, फाइल घेऊन. खुर्ची मागितली. बाई म्हणाल्या, "इथं सगळे गोल बसतात." बसले बिचारे मांडी घालून, सखू आणि सोनाईच्या मधे.

"नाव काय तुझं?"

"जमना!" वीस जणी.

"तिला बोलू द्या!"

जमनाचं लाटणं चालूच. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग पेनाचं टोपण काढलं. देवीनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात सोनाईनं साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा सायेब. हितली पद्धत हाय. आदी समस्या ऐकायची, मंग कागद."

"समस्या?" साहेब सावरून बसले. सरकारी माणूस तो. "बोला आजी. निःसंकोच बोला."

सोनाई म्हणाली, "पन्नास जनी एका खोलीत कोंडल्यात. पाय पसराया जागा न्हाई. दार उगडलं की एकीला भाईर काडत्यात, तिचं डोस्कं भितीला घासत्यात, अन् ती जळून जाती."

साहेबांची टोपी मागं सरकली. "अरे बाप रे! कुठल्या बराकीत?"

"परतेक बराकीत," सोनाई म्हणाली.

"आणि तक्रार नाही केली कुणी?"

"कशापायी? चुलीला लागत्यातच की."

साहेबांच्या कपाळावर घाम. पण लिहीत होते. पन्नास महिला, कोंडवाडा, जळून मृत्यू. आम्ही हसू दाबून निळ्याकाळ्या झालो होतो. आणि तेवढ्यात एक आवाज आला. घोगरा, कधी न ऐकलेला. जमना हसत होती. पोळपाट मांडीवरून घसरला, पापड खाली पडला, तरी हसत होती. साहेबांनी वर पाहिलं तशी लाटणं त्यांच्याकडं रोखून ती म्हणाली, "माचिस!"

इतक्या वर्षांनी तोंडातून पहिला शब्द, तो हा! देवी किंचाळली. बाईंचा चष्मा खाली पडला.

साहेबांना वाटलं, आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. "माचिस? हे नाव?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. सोनाई चटकन म्हणाली, "व्हय सायेब. सिंधात असत्यात तसली नावं. जमना आपलं आमी म्हनतो."

त्यांनी लिहिलं, माचिसबाई. "आणि कुणाजवळ राहणार?"

आता आली का पंचाईत! जमना उठली. देवीकडं जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण ती देवीला ओलांडून गेली, बाईंच्या शेजारी जाऊन बसली, त्यांचा पदर मुठीत धरला आणि म्हणाली, "बाई."

साहेबांनी लिहिलं, "बाईंजवळ राहते." खाली सही ठोकली आणि पन्नास बायकांच्या काळजीत लगबगीनं निघून गेले.

हसताय ना? आम्हीही चार दिवस हसलो. पाचव्या दिवशी चौकशी आली. वाळूच्या बादल्या घेऊन माणसं आली, बराकी मोजल्या, दारं मोजली, जळालेल्या बायका शोधल्या. एकही सापडेना. मग वरच्या कचेरीनं बाईंना बोलावलं आणि विचारलं, तुमच्या गटात ही खोटी माहिती कुणी दिली?

बाईंनी नुसतं म्हणायचं, ते कोडं होतं. एवढं म्हटलं असतं की सुटल्या असत्या. पण मग माचिस हे त्या कोड्याचं उत्तर ठरलं असतं, नाव राहिलं नसतं, आणि जमनाचा कागद फाटला असता. बाई म्हणाल्या, "माझी समजण्यात चूक झाली." पुन्हा विचारलं तरी तेच. लेखी मागितलं, लेखी दिलं. आठवड्यात लांबची बदली झाली.

आम्हाला हे देवीनं सांगितलं, कचेरीत झाडू मारणाऱ्या बाईकडून ऐकून. बाई स्वतः काही बोलल्या नाहीत. जाताना एकेकीची हनुवटी धरली. सखूच्या पोरीला कडेवर घेतलं. जमनाशी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. टांगा वळला तेव्हा पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर बांधलेली वही, एवढंच दिसलं.

महिना गेला असेल. एक कारकून कागद घेऊन आला. आम्ही आमच्या आम्हीच मंगळवारी बसायचो, तिथंच आला. म्हणाला, "माचिसबाई कोण? हिच्या कागदावर लिहिलंय, बाईंजवळ राहते. त्या बाई तर बदलून गेल्या. म्हणजे हिला आता आश्रमात पाठवावं लागेल."

जमनानं लाटणं घट्ट धरलं.

देवी उभी राहिली. "बाई? मैं है बाई."

"मी बी बाईच हाय की," सोनाई म्हणाली. मग सखू उठली, मग ती कोकणातली, मग मी. वीसच्या वीस जणी उभ्या.

कारकून वैतागला. "अहो, तुम्ही नाही! इथं शिकवायला यायच्या त्या बाई! नाव सांगा त्यांचं, म्हणजे त्या कोण ते कागदावर पक्कं करतो."

आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. नाव? वर्षभर त्या आमची नावं लिहीत होत्या, गावं लिहीत होत्या, कोडी लिहीत होत्या. जमनाच्या नावासाठी आम्ही घसे फोडले. पण बाईंचं नाव काय, हे आमच्यापैकी एकीनंही कधी विचारलं नव्हतं. सोनाई, जिला सात पिढ्यांची नावं तोंडपाठ, तीसुद्धा ओठ हलवत राहिली आणि खाली बघायला लागली.

कारकुनानं ऊन बघितलं, कचेरीची लांब वाट बघितली, वीस बायका बघितल्या. "कागदावर नाव नाही, तुम्हाला माहीत नाही, मग मी तरी काय लिहू?" असं म्हणून गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं, "बाई हजर."

जमना राहिली. पुढं अठ्ठावीस वर्षं देवीच्या घरी राहिली, मोडकंतोडकं मराठी बोलत, कॅम्पभर पापड विकत. बाईंचं नाव ठाऊक असतं तर ती आश्रमात गेली असती, हे मला कळतं. तरी इतकी वर्षं मनाला लागून राहिलंय ते राहिलंयच. विचारायला काय झालं होतं आम्हाला?

निघालात? बरं, चहा झाला तेवढा घेऊन जा. पण आता संक्रांत-दिवाळीची वाट बघू नका गं. मंगळवारी मी घरीच असते. लवकर या.