सावलीच्या बसमधली शेजारीण

नव्वदच्या दशकात मी बडोद्याहून रोज बसने सावली गावापुढच्या कारखान्यात कामाला जायची. शेजारी सावलीच्या शाळेतली एक मराठी शिक्षिका बसायची. डिझेलचा वास आला की ती डोळे मिटून लिंबू हुंगायची.

एकदा मी विचारलं, "कितवा महिना?"

"दुसरा. काल सोनोग्राफीत ठोके दिसले. राजम्याच्या दाण्याएवढं आहे हो!" मग हळूच म्हणाली, "ह्यांनाही सांगितलं नाहीये. मागे दोनदा आनंदानं सगळ्यांना सांगितलं, आणि मग गेलं म्हणूनही मलाच सांगावं लागलं."

तीन आठवड्यांनी ती शेजारी येऊन बसली. "गेलं," एवढंच बोलली. मी तिचा हात धरला. सावली येताच तिनं तो हलकेच सोडवला, निरोपाचं "आवजो" म्हणाली आणि उतरून पहिला तास गाठायला भराभर चालू लागली.