माफ केलं ते कुणी?

माझा थोरला भाऊ परंड्याला राहतो, मी धाराशिवला. आई त्याच्याकडं असायची. ती गेली तेव्हा त्याचा फोन आला तो सगळं संपल्यावर. आदल्या दिवसापासून ती माझं नाव घेत होती, हे मला वहिनीच्या बोलण्यातून नंतर समजलं. तेराव्यानंतर मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

यंदा एका दुपारी त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी शाळेत मराठी शिकवते, स्टाफरूममध्येच ऐकला.

"चुकलं माझं. आईच म्हनत व्हती, पोरीला तरास नगं. पर म्या कळवायला पायजे व्हतं. पोराचं लगीन जमलंय. पयली पत्रिका देवीपुढं ठिवायचीय. तुळजापूरला ये. आईच्या जागी तू पायजेस."

मला काय वाटलं, ते मला नीट कळलंही नाही. कळून घ्यायला मी थांबलेच नाही. वर्षभरात शाळेच्या सूचना, निरोपाची भाषणं, पालकांना द्यायची उत्तरं, सगळं मी फोनमधल्या एआयकडून लिहून घेत होते. तसंच त्याचं बोलणंही टाकलं आणि लिहिलं: थोरला भाऊ माफी मागतोय, चांगलं उत्तर लिहून दे. उत्तर आलं. त्यावरून नजर फिरवली, पाठवून दिलं आणि तासाला गेले. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. एक काम उरकलं होतं.

तुळजापूरला देवीपुढं पत्रिका ठेवली, कुंकू लावलं. बाहेर येऊन आम्ही दोघं एका हॉटेलात चहाला बसलो. भाऊ बराच वाळला होता. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "तू लिवलंस ते म्या पाठ केलंय."

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं. मला खरोखर आठवत नव्हतं.

त्याला वाटलं, मी त्याच्याच तोंडून ऐकायला मागतेय. तो शाळेतल्या पोरासारखा ताठ बसून म्हणू लागला, "आईनं आपल्याला एकाच मायेनं वाढवलं. त्या मायेपुढं माझा राग फार लहान आहे. दादा, मी तुला मनापासून माफ केलं आहे." मग डोळे पुसत म्हणाला, "घरात समद्यांला वाचून दावलं. लई दिसांनी झोप लागली बघ."

मान वर करून त्याच्याकडं बघायची माझी हिंमत होईना. त्याला माफ करायचं की नाही, हे मी ठरवलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट परस्पर ठरून गेली होती, आणि मी ती धड वाचलीही नव्हती. गप्प बसले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. पण मान वर केली तर त्याचे डोळे ओलेच होते, आणि गप्प बसणं जमेना.

"दादा, ते मी नाही लिहिलं. फोननं लिहून दिलं. मी नुसतं पाठवलं."

त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली. बाजूच्या टेबलावर कुणीतरी शिऱ्याची प्लेट मागवत होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"बरं," तो हळूच म्हणाला. "मग तुजं काय म्हननं हाय? तू सांग."

मुलांना निबंध शिकवणारी बाई मी, आणि सख्ख्या भावापुढं बसून मला माझंच म्हणणं सापडत नव्हतं. शेवटी जे निघालं ते ओबडधोबड होतं.

"मला अजून राग आहे. आईनं हाक मारली आणि मी नव्हते. तू मला तिथं असू दिलं नाहीस."

"व्हय," तो म्हणाला. "न्हाय असू दिलं."

एवढंच. नंतर त्याची बस लागली. खिडकीतून त्यानं विचारलं, "लग्नाला येशील का?"

"येईन," मी म्हणाले.

लग्नाला मी गेले. वहिनीनं साडी नेसवली, पण पूर्वीसारखा पाठीवरून हात फिरवला नाही; फोनचं तिलाही कळलं असावं. आता मी त्याला अधूनमधून फोन करते. बोलणं अडखळतं. माफ केलं, असं मी अजून म्हटलेलं नाही, आणि तोही परत विचारत नाही.