पंखाखालची भोकं

विमान कसं जपावं हे कळणारा एकच माणूस नाशकात होता आणि त्यालाच आम्ही सगळ्यांनी वेडा ठरवलं होतं, हे मी ठणकावून सांगते. इंदिरानगरातले आमचे शेजारी, काका. तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक, मग ओझरला विमानांचीच नोकरी, आणि निवृत्तीनंतर बागेतल्या चौथऱ्यावर ठेवलेल्या, एकाहत्तरच्या लढाईतल्या विमानाचे बिनपगारी चाकर. रोज सकाळी अंगणात येऊन ते आभाळ न्याहाळत आणि जाहीर करत, "आज उडता आलं असतं." ढग असले की "आज नाही," म्हणून चहाला आत.

हत्यार विमानात राहिलं तर वैमानिक जिवाला मुकतो, म्हणून काम संपलं की ते हत्यारं मोजत. ही खोड घरातही. आमच्या सत्यनारायणाला वाढायला आले आणि जेवणं झाल्यावर दारात आडवे उभे राहिले. "एक पळी कमी आहे. सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही!"

"अहो, लोकांचे हात वाळले!" काकू ओरडल्या.

"वाळू देत."

पळी आमटीच्या तळाशी निघाली, तेव्हा पंगत सुटली.

पावसाळ्यात तर ते रोज तार घेऊन विमानाच्या पोटाखाली झोपत. पंखांना खालून बारीक भोकं असतात, ती मोकळी करत. "तारेनं काय होणार, काका? रंग बघा कसा उडालाय!" मी एकदा खेकसले.

"रंग दिसायला गं, पोरी. पाणी कुठूनही आत शिरतंच. त्याला बाहेर जायला वाट हवी."

मी ऐकते कशाला? तेव्हा मी नुकती पत्रकं काढू लागले होते. 'लढलेल्या विमानाला रंग नाही, लाज बाळगा!' हे पत्रक घरोघर वाटलं, बागेच्या समितीसमोर ठिय्या दिला. समिती नमली. काका तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले होते. रंगाऱ्यांनी विमान चकचकीत केलं आणि पृष्ठभाग एकसारखा दिसावा म्हणून भोकं लांबी भरून बुजवली. मी समोरच उभी होते. "काम स्वच्छ आहे," असं त्यांना मीच म्हणाले.

काका परतले ते काठी टेकत. वाकणंच संपलं होतं. पुढचे कितीतरी पावसाळे ते कुंपणावरून विचारत राहिले, "भोकं मोकळी आहेत ना गं?" आणि मी मोर्च्याच्या घाईत, न बघता, "हो, काका."

एके दिवशी पंख लोंबला. आत पाणी साचून पत्र्याची पांढरी भुकटी झाली होती. धोकादायक म्हणून समितीनं विमान कापायला काढलं. सिन्नरहून आलेल्या ट्रकमध्ये तुकडे चढले. काका काठीवर हात ठेवून एकेक मोजत होते. मी सगळं कबूल केलं. आयुष्यभर दुसऱ्यांना जाब विचारणारी मी, मला चार शिव्या हव्या होत्या.

"रंग मागितलास, बरोबरच होतं," ते म्हणाले. "भोकांचं मीच लिहून द्यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच कुंपणाशी जाऊन थांबले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. काका अंगणात आले, माझ्याकडे बघून थोडं हसले, आणि वर न बघताच चहाला आत गेले.