अर्ध्या तोंडाची तपासणी

“मॅडम, हे काय करून ठेवलं तुमी?”

वामनराव खुर्चीत बसण्याआधीच तोंड उघडून उभे राहिले. डावीकडचे दात स्वच्छ, उजवीकडचे तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने तपकिरी झालेले. सीमारेषा पुढच्या दोन दातांच्या बरोबर मधून गेली होती. मी ती आठ दिवसांपूर्वी मोठ्या अभिमानाने आखली होती.

“मंडळी हसून राहिली मले. म्हणतात, एक बाजू नागपुरातल्या सीताबर्डीची अन् एक आपल्या नरखेडची! रविवारी पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले. आता कोणत्या बाजूनं हसू मी?”

आमच्या दंतविभागाच्या ओपीडीतल्या सिस्टरनी तोंडाला रुमाल लावला. मला मात्र हसू आले नाही, कारण वामनराव हेच माझ्या प्रयोगाचा एकमेव शिल्लक पुरावा होते.

हा प्रयोग समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. दातांवर साचलेला चिकट थर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. ते ब्रशने निघत नाही, खरवडावे लागते. त्यासाठी आमच्याकडे हाताची अवजारे होती: हिरडीच्या वरचे कीटण काढायला आकडीसारखा स्केलर आणि हिरडीच्या आतले काढायला बारीक चमच्यासारखी क्युरेट. त्यात आता अल्ट्रासोनिक मशीन आले होते. त्याचे टोक इतक्या वेगाने थरथरते की कीटण तडकून सुटते. टोक तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा चालू ठेवावा लागतो.

मशीन पंधरा दिवसांच्या ट्रायलवर होते. ते ठेवायचे की परत पाठवायचे, हे विभागप्रमुख सर ठरवणार होते, आणि सरांचे मत जाहीर होते: “बोटांना जे कळतं, ते वायरला कळत नाही.” ते मत मला आकड्यांनी खोडायचे होते. सात रुग्ण निवडले. प्रत्येकाची डावी बाजू मशीनने, उजवी पुढच्या आठवड्यात हाताने. तोंड तेच, लाळ तीच, सवयी त्याच. म्हणजे तुलना निर्दोष. रिपोर्टचा निष्कर्षही मी आधीच लिहून ठेवला होता. फक्त आकड्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

सातांपैकी सहा जण परत आलेच नाहीत. ट्रायल दुसर्‍या दिवशी संपणार होती.

सर प्रोब घेऊन वामनरावांजवळ आले. प्रोब म्हणजे टोकदार बारीक सळई. कीटण डोळ्यांना दिसले नाही तरी तिला खरखर जाणवते.

“मशीनची बाजू कोणती, हे विचारायची गरज नाही,” सर म्हणाले. मग दाढांपाशी त्यांचा हात थांबला. “इथे आहे. इथेही आहे. हिरडीच्या आत. डॉक्टर, तुमच्या मशीनने अंगण झाडलं, घर तसंच राहिलं.”

मी तपासले. सरांचे बरोबर होते.

त्या दोन जागा मी क्युरेटने साफ केल्या. पाच मिनिटे लागली. मग उजवी बाजू हाताने केली. चाळीस मिनिटे, आणि माझा अंगठा बधिर. डावीला मशीनने बाराच लागली होती.

“चाळीस मिनिटांत अर्धं तोंड,” मी म्हणाले. “सर, बाकीचं अर्धं आपण नेहमी कधी करतो?”

“दुसर्‍या बैठकीत. त्यात नवीन काय?”

मी ओपीडीचे रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवले. खेड्यातून आलेल्या रुग्णांच्या नावांपुढे दुसर्‍या बैठकीचा रकाना पानामागून पान कोरा होता.

“काहून येईल कोणी?” तोंड पुसत वामनराव मधेच म्हणाले. “वावरात पाणी द्याचा, ओलिताचा दिवस बुडते, एसटीत उभं राहा लागते. मीबी पाहुण्यायसाठीच आलो.”

सर बराच वेळ पाने उलटत राहिले. अर्धी तोंडे मी एकटीच नव्हे, आमचा सगळा विभाग वर्षानुवर्षे घरी पाठवत होता.

“वरचं मशीनने, आतलं हाताने,” मी म्हणाले. “पूर्ण तोंड, एकाच बैठकीत.”

“आणि शेवटी प्रोब फिरवल्याशिवाय कोणालाही खुर्चीतून उठवायचं नाही,” सरांनी जोडले. मशीन राहिले.

वामनराव आरशात पाहत होते. “मॅडम, दातायच्या मधून हवा येऊन राहिली!”

“ती आधीच यायला हवी होती. वाटेत कीटण होतं.”

मी लिहून ठेवलेला निष्कर्ष फाडला. वेळ, उरलेले कीटण, रक्तस्राव, सगळे मोजण्याची तयारी मी केली होती. रुग्ण किती लांबून येतो, एवढेच मोजायचे राहिले होते. आता केसपेपरवर दातांच्या आधी मी गाव विचारते.