पिवळ्या दिव्यावर सुटणारा एल्डन

अठ्ठेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, आणि दरवर्षी एप्रिल उजाडला की एका शनिवारी मी मक्याच्या ओल्या शेतांच्या मधोमध, पत्र्याच्या बाकावर, दोन स्वेटर चढवून कुडकुडत बसलेली असते. का, तर गाड्यांच्या शर्यतीची सरळ पट्टी हिवाळाभर बंद असते, ती उघडली की नवऱ्याची गाडी तिच्यावर कशी पळते ते बघायचं असतं. कशी पळते ते मी घरबसल्या सांगते. गेल्या वर्षी पळाली तशीच.

एल्डन क्रेब्स तसा सरळ माणूस. जिल्ह्यातल्या शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात छत्तीस वर्षं घालवली, पण बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. घरात काही बिघडलं की "बघतो" म्हणणार आणि खरंच बघणार. चैन म्हणाल तर एकच, ती हिरवी ब्यूक, सन एकाहत्तरची. तिच्यातून आम्ही चर्चला जातो, तिच्यातून किराणा येतो, आमची मुलगी ट्रूडी जन्मली तेव्हा तिला तिच्यातूनच घरी आणलं, आणि तीच गाडी तो पट्टीवर पळवतो. गाड्या ट्रेलरवर लादून आणणाऱ्यांना तो मनापासून नावं ठेवतो. "चालवत यायचं, पळवायची, चालवत घरी जायचं. नाहीतर ती गाडी कसली, ते सामान झालं." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण हेच.

या फेब्रुवारीत मात्र एक प्रकार घडला. आम्ही तिघं ब्यूकमधून येत होतो. शाळेजवळच्या चौकात एक मुलगी कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती. एल्डनने ब्रेक दाबला, पण उशिरा. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि बंपरात हातभर अंतर होतं. पोर नुसती बघत राहिली. एल्डन म्हणाला, ऊन डोळ्यांवर आलं. मागे बसलेली ट्रूडी अवाक्षर बोलली नाही, आणि ती गप्प बसली की मला धडकी भरते.

ती बोलली ईस्टरच्या जेवणाला. एल्डन हॅम कापत होता.

"डॅड, चौऱ्याहत्तर झाली तुला. किल्ल्या दे आता."

"ऊन होतं."

"ढग होते. मी मागेच बसले होते ना, का मी पण आंधळी?"

"बाई गं, सणाच्या दिवशी तरी नको," मी म्हटलं.

"तू गप्प राहा, मॉम. तू त्याच्या बाजूला बसतेस. उद्या काही झालं म्हणजे..." पुढचं तिने गिळलं.

सगळ्यात जवळचं दुकान आमच्यापासून नऊ मैलांवर, चर्च सात मैलांवर. अकरा वर्षांपूर्वी बर्फावरून माझी गाडी खड्ड्यात गेली, तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. एल्डनच्या किल्ल्या गेल्या की दोघंही कोंबड्यांसारखे खुराड्यात. खरं सांगते, त्या वेळी मला त्या पोरीपेक्षा माझंच पडलं होतं.

एल्डनने सुरी खाली ठेवली. "पट्टी उघडली की ये. तुझी रोजची गाडी घेऊन ये, माझ्या शेजारी उभी राहा. कोण किती पटकन सुटलं ते यंत्र कागदावर छापून देतं. तीन वेळा सुटायचं. एकदा जरी तू माझ्याआधी सुटलीस तर किल्ल्या तुझ्या."

"आणि नाही सुटले तर?"

"तर हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही."

"कबूल," ती म्हणाली. हट्टीपणा कुणाकडून आलाय ते निराळं सांगायला नको.

तर तो शनिवार. थंडी अशी की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं. मी ब्यूकमध्ये, ट्रूडी तिच्या करड्या गाडीत आमच्या मागे. फाटकावर गाड्या तपासणारा ड्वेन उभा होता, त्याला आम्ही तीस वर्षं ओळखतो. पळताना काही उडू नये म्हणून डिकी रिकामी करायची असते. एल्डन एकेक वस्तू गवतावर काढू लागला. जॅक, स्टेपनी, दोन घडीच्या खुर्च्या, प्रार्थनेची पुस्तकं, माझी छत्री, झाडांच्या सहा कुंड्या.

"लोइस, संसारच भरून आणलास की," ड्वेन म्हणाला.

"संसारच आहे तो. तू बॅटरी बघ, डोळे कुंड्यांवर नकोत."

मग काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने नंबर लिहिले. ट्रूडीला तेव्हाही हसू आलं नाही. ती ओठ घट्ट मिटून आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि पुढे जाताना नको तेच केलं. सुरुवातीच्या रेषेआधी पाण्याचं एक डबकं केलेलं असतं, ते मोठमोठ्या गुळगुळीत टायरवाल्यांसाठी. घरच्या टायरवाल्यांनी त्याला वळसा घालायचा, नाहीतर खाचांतलं पाणी थेट रेषेवर जाऊन सांडतं. ट्रूडी सरळ डबक्यातून गेली. रेषेवरचा माणूस हात उडवत धावला, कुणीतरी झाडू आणला, आणि मागे उभे असलेले चाळीस लोक तिच्या नावाने बोटं मोडत राहिले.

"हिला कुणी शिकवलं नाही का?" माझ्या शेजारची बाई म्हणाली.

"शिकवणारा तिच्या शेजारच्या गाडीत बसलाय, आणि तो बोलत नाही," मी म्हटलं.

आता ते दिव्यांचं सांगते, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. रेषेपुढे एक खांब असतो. त्यावर एकाखाली एक तीन पिवळे दिवे, त्यांच्याखाली हिरवा. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने दिवे लागत खाली येतात. हिरवा लागल्यापासून तुमचं चाक हलेपर्यंत किती वेळ गेला, तो आकडा कागदावर येतो. बस, एवढंच.

पहिल्यांदा दोघं सुटले तेव्हा मी डोळे अर्धवट मिटले होते. थंड पट्टीवर ब्यूकची मागची चाकं किंचाळली, मग ती सरळ झाली आणि निघाली. कागद आले. एल्डन, सेकंदाचा पंचविसावा भाग. ट्रूडी, अर्ध्या सेकंदाहून जास्त. दुसऱ्यांदा जवळजवळ तेच. तिसऱ्यांदा ट्रूडी खांबाकडे अशी टक लावून बसली होती की मला तिची दया आली, आणि तिचा आकडा तरीही अर्ध्याच्या खाली आला नाही. एल्डनचा तिन्हीत सगळ्यात चांगला आला.

काय आनंद झाला मला, काय सांगू. ड्वेनने एल्डनच्या पाठीत थाप घातली. "चौऱ्याहत्तर म्हणे. विशीतली पोरं हे कागद बघून रडतील." मी थर्मासमधली कॉफी ओतली, ईस्टरच्या उरलेल्या हॅमची सँडविचं काढली. आता निदान चर्च सुटत नाही, दुकान सुटत नाही, मैत्रीण मेरिडिथकडचा पत्त्यांचा डाव सुटत नाही, असं मनात चाललं होतं.

ट्रूडी आली आणि बापासमोर उभी राहिली. डोळे ओले होते तिचे, पण शब्दाला पक्की. "जिंकलास, डॅड. मी पुन्हा बोलणार नाही."

एल्डन तिन्ही कागद मांडीवर ठेवून बघत होता. सँडविचला हातही लावला नव्हता.

"तू कधी सुटलीस?" त्याने विचारलं.

"कधी म्हणजे? हिरवा लागला तेव्हा."

"मी हिरवा पाहिलाच नाही. पन्नास वर्षांत पाहिलेला नाही. शेवटचा पिवळा लागला की माझा पाय खाली, गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेलाच असतो. हिरव्याची वाट बघत बसला तो मागे पडला, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे."

"म्हणजे हे खरं नाही?" तिने कागदाकडे बोट केलं.

"खरं आहे. पण मी चपळ आहे असं हा कागद म्हणत नाही. दिवे कुठल्या क्रमाने येतात ते मला पाठ आहे, एवढंच म्हणतो." त्याने कागदांची घडी घातली. "त्या पोरीआधी कुठला पिवळा लागला नव्हता, ट्रूडी. ऊनही नव्हतं. मला ती दिसलीच नाही. कुत्रा दिसला, तोही उशिरा."

मला त्याचा असा राग आला की थर्मास डोक्यात घालावा. जिंकला होता ना माणूस. कोण विचारणार होतं त्याला? ईस्टरला पैज लावतानाच त्याला हे सगळं माहीत होतं, आणि तरी लावली. पण त्याचा चेहरा बघितला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. दोन महिने ते ओझं घेऊन झोपत होता बिचारा, आणि मी शेजारी घोरत होते.

त्याने किल्ली काढली. ट्रूडीने हात पुढे केला नाही. ती म्हणाली, "मी हरलेय, डॅड."

"घे म्हणतो ना. रस्त्यावर तू चालवायची, दर शनिवारी येऊन मला इथे आणायचं. इथे मी चालवणार. इथे दोन्हीकडे भिंत आहे, आडवं कुणी येत नाही." मग त्याने किल्ली पुन्हा मुठीत मिटली. "अजून तास आहे. आणखी दोनदा पळून घेतो, मग घे."

त्यावर ट्रूडी हसली, आणि नाक पुसत म्हणाली, "आणि पाण्याला वळसा घालायचा हे मला आधी सांगायचं होतंस."

"तू विचारलं नाहीस."

तो दोनदा पळाला. उतरला तेव्हा लग्नातल्या फोटोत दिसतो तसा दिसत होता, फक्त केस कमी. आणि मग आमच्या लक्षात आलं की गाड्या दोन, ब्यूक ट्रूडी चालवणार, आणि एल्डन तर आता शब्द देऊन बसलेला. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"लोइस," एल्डन म्हणाला, "तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेस आणि चष्म्याशिवाय दोरा ओवतेस."

दुकान नऊ मैल, चर्च सात. कुणीतरी चालवायला हवंच होतं. मी कुंड्या ट्रूडीच्या गाडीत भरल्या, सीट पुढे ओढली आणि बसले. पुढे ब्यूक निघाली, मागे मी, ताशी तीस मैलांनी. पहिलं वळण यायला अजून कितीतरी अवकाश होता, तेवढ्यात ब्यूकमध्ये ट्रूडीच्या शेजारच्या, उजव्या खिडकीची काच खाली गेली आणि एल्डनचा हात बाहेर आला. आधी तळवा खाली, म्हणजे हळू. मग बोट उजवीकडे. थांबायची पाटी यायची असली की पाटीच्या खूप आधी हात बाहेर. अठ्ठावीस मैल आम्ही असे गेलो, आणि त्या थंडीत त्याने काच एकदाही वर केली नाही.