मीटरच्या भरवशावर मुलताई

मुलताईला जायचं तर खुशाल जा, रस्ता आता झकास आहे. मी गेलो होतो ऐंशीच्या दशकात. अजून आठवलं की डोकं तापतं.

मुलताईहून मावशी अत्यवस्थ असल्याची तार आली. मानपानावरून बिनसल्यानं आई आणि ती, दोघी बहिणी सहा वर्षं बोलल्या नव्हत्या. आई म्हणाली, "मले एकदा तिच्याशी बोलू दे गा."

वाटेत दगा नको म्हणून सकाळीच गाडी नागपुरातल्या एका गॅरेजात नेली. तिथं नवंकोरं मीटर आलं होतं. नळी सायलेन्सरमध्ये घालायची, मग हवा जास्त की पेट्रोल जास्त ते काटा सांगणार.

मेकॅनिक काट्याकडं बघून म्हणाला, "हवा जास्त दाखवून राहिलं साहेब. कार्बोरेटरचा जेट मोठा टाकतो, पेट्रोल वाढेल."

"अहो, पण प्लग काळे आहेत. म्हणजे पेट्रोल आधीच जास्त!"

"मीटर झूट बोलते का?"

आणि मी शिकलेला गाढव, मान डोलावली.

सावनेरला दीड रुपयात आलूबोंडा-तर्री मिळाली, झणझणीत. आईनं घासही घेतला नाही. पांढुर्ण्याच्या पुढं गाडीनं काळा धूर ओकला आणि बंद पडली. प्लग काजळीनं माखलेले. पॉलिश पेपरनं घासले, निघालो. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

"आता काहून थांबलो गा?" आई दरवेळी विचारायची. मी तिच्यावरच खेकसलो.

घाटात एका ट्रकवाल्यानं खाली वाकून पाहिलं. "भाऊ, सायलेन्सरच्या जोडाले भोक आहे. बाहेरची हवा इथून आत शिरते, मीटरनं तेच मोजलं. इंजिन पेट्रोलनं गुदमरून राहिलं ना!"

अस्सा संताप आला! नळी घालण्याआधी सायलेन्सर तपासायला काय धाड भरली होती?

दुपारी पोहोचायचे ते दिवेलागणीला पोहोचलो. मावशी तीनला गेली होती. मावसभाऊ म्हणाला, "शेवटपर्यंत विचारत होती, ताई आली का."

तेरवीनंतर मी गाडीचं दार उघडलं. आई पिशवी घेऊन एसटी स्टँडकडं चालू लागली. मी हाका मारल्या, ती थांबली नाही.

नागपुरात शिरलो तो थेट गॅरेजात. घसा फोडून भांडलो. तो मेकॅनिक पठ्ठ्या दुसऱ्या गाडीत नळी खुपसत म्हणाला, "काटा तर बरोबरच होता साहेब."

घरी आलो तर आई आधीच पोहोचली होती. तिनं पाण्याचा पेला पुढं केला. गाडीबद्दल तेव्हाही बोलली नाही, नंतरही कधी नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.